सून अन् स्नखा: रशियातली नाती आपल्यासारखी कशी काय?

उदगीरची माय
नमस्कार. माझा मुलगा रशियात त्वेर शहरात डॉक्टरकी शिकतो, तिसरं वर्ष आहे. एका आजीकडं खोली घेऊन राहतो. दिवाळीला पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आजीला द्यायला त्यानं दारातूनच हात पुढं केला, तर आजीनं मनगट धरून आधी त्याला आत ओढलं. उंबऱ्यावरून काही द्यायचं-घ्यायचं नसतं म्हणाली. आमच्या सासूबाईसुद्धा अशाच, दूधवाल्याला म्हणायच्या, "आत ये नाहीतर मी बाहेर येते."

मग आजीनं नाती सांगितली. सून म्हणजे स्नखा, दीर म्हणजे द्येविर, सासू म्हणजे स्विक्रोव्य, विधवा म्हणजे व्दवा. पोरगं फोनवर म्हणालं, "मम्मे, ही तर आपलंच बोलूलाली की!" बी.ए.ला मराठी होतं, त्यामुळं सुनेला स्नुषा म्हणतात एवढं मला आठवतं. पण हे शब्द तिकडं गेले कसे? निजामाच्या राज्यानं आपल्या बोलीत उर्दू शब्द राहिले, तसं काही झालं का? कुणाला ठाऊक असेल तर नीट समजावून सांगा. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

गोदाकाठ, परभणी
ताई, संस्कृत सगळ्या भाषांची आई आहे, रशियनचीही. मॉस्को म्हणजे मोक्ष, रशिया म्हणजे ऋषींचा देश. आमच्या ग्रुपवर सविस्तर आलं होतं.

मास्तर, नांदेड
गोदाकाठभाऊ, राग मानू नका, पण हे खरं नाही. मॉस्को हे नाव मस्क्वा नदीवरून पडलं अन् रशिया 'रूस' या जुन्या नावावरून. संस्कृत रशियनची आई नाही, तिच्या घराण्यातली थोरली मावशी म्हणा. 1786 साली विल्यम जोन्स या इंग्रज विद्वानानं कलकत्त्याच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, अन् ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. रशियन त्याच घराण्यातली.

म्हणजे ताई, हे शब्द इकडून तिकडं गेलेले नाहीत. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी घरातलं एकेक भांडं नेलं, तसं आहे. स्नुषाचं प्राकृतात सुण्हा झालं अन् आपल्यात सून. देवरचा दीर झाला. तिकडं 'स्न' अन् 'व' शाबूत राहिले, म्हणून सुनेच्या बाबतीत रशियन आपल्यापेक्षा संस्कृतच्या जवळची दिसते. मला सगळ्यात जास्त आवडते ती जाऊ. संस्कृतात यातृ, जुन्या रशियनमध्ये यात्रव्य. आता तिकडं हा शब्द बोलण्यातून गेला, आपल्याकडं मात्र रोज स्वयंपाकघरात आहे.

उसने शब्दही आहेत, ते वेगळे ओळखावेत. संदूकला ते सुंदूक म्हणतात, बाजाराला बझार. हे अरबी-फारसी माल, व्यापाराच्या वाटेनं दोन्हीकडं पोचलेले. चहा तर दोघांनीही चीनकडून घेतला.

शब्दवेडी, संभाजीनगर
मी दोन वर्षं रशियन शिकले. शब्दांपेक्षा मला वाक्यांनी पकडलं. "माझ्याकडे पुस्तक आहे" याला ते "उ मिन्या येस्त्य क्निगा" म्हणतात. शब्दशः "माझ्यापाशी आहे पुस्तक". "मला थंडी वाजते" यातला 'मला'सुद्धा तिथं तसाच, "म्न्ये होलदना". लिंगं तीन, हिंदीसारखी दोन नाहीत. भूतकाळात तो बिल, ती बिला, ते बिलो, म्हणजे होता, होती, होतं. आपलं गेला-गेली-गेलं आठवून मी वर्गात ओरडलेच! मास्तर, हा 'ल' एकच का हो?

मास्तर, नांदेड
एकच म्हणता यायचं नाही. आपला 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आला, त्यांचा जुन्या स्लाव्ह, म्हणजे रशियनच्या पूर्वज भाषेतल्या, धातुसाधितातून. वाटा वेगळ्या, फक्त आवाज एक. 'माझ्याकडे आहे'चंही तसंच, ही रीत पुष्कळ भाषांत आहे. शब्दांचं नातं ठरवायचं तर जुन्या रूपापर्यंत जावं लागतं.

नावांचं बघा मात्र. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, ही घडण दोन्हीकडं आहे. फरक एवढाच की तिकडं बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. आपल्याकडं बहुतेकींच्या कागदावर नवऱ्याचं येतं.

अन् ताई, पोरगं त्वेरला आहे म्हणता! अफनासी निकितिन हा व्यापारी त्वेरचाच. पंधराव्या शतकात तो चौलला उतरला, जुन्नरवरून बीदरला आला. बहामनींची राजधानी होती ती.

उदगीरची माय
मास्तर, माझं माहेर भालकीचं, बीदर जिल्ह्यातलं! आत्ताच लेकाला विचारलं. वोल्गाच्या काठावर निकितिनचा पुतळा आहे म्हणाला, रोज त्याच्यासमोरून जातो. तो कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणखी एक लक्षात आलं. उन्हाळ्यात सुट्टी संपवून निघताना मी हातावर दही घातलं, तर हा बॅग उचलायची सोडून खुर्चीवर गप बसला, डोळे खाली. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणायला धावले, तर हात धरून म्हणाला, "थांब, तूपण बस, निघताना मिनिटभर बसायचं असतं." हेही आजीनंच शिकवलेलं. मग आम्ही तिघंही बसलो, मी, हे अन् तो. मग तो उठला अन् "येतो" म्हणाला.

आज रात्री आजीला फोनवर घ्यायला सांगते. आमच्या जाऊबाई शेजारी बसल्यात, त्यांना यात्रव्य हा शब्द आजीच्या तोंडून ऐकायचाय. तिला येत असेल ना हो?

मास्तर, नांदेड
विचारून बघा. खेड्यातली असली तर आईच्या तोंडून ऐकला असेल.