साहित्य संमेलनाच्या ध्वनिमुद्रणांचे पुढे काय करावे?

प्रश्न : वाचनालय-कार्यवाह

नमस्कार. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन दिवसांचे छोटेखानी साहित्य संमेलन भरवले होते. ग्रंथदिंडी, उद्घाटन, दोन परिसंवाद, कथाकथन, एका ज्येष्ठ कादंबरीकाराची प्रकट मुलाखत आणि मध्यरात्रीपर्यंत रंगलेले कविसंमेलन असा कार्यक्रम होता. लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या गावातल्याच छायाचित्रकाराने मांडवाच्या मागच्या बाजूला कॅमेरा लावला होता, आणि आमच्या एका सभासदाने हौसेने साउंडवाल्याच्या मिक्सरला (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) स्वतःचा छोटा रेकॉर्डर जोडून ठेवला होता. त्यामुळे आज सुमारे चौदा तासांचे चित्रण आणि अकरा तासांचे निव्वळ ध्वनिमुद्रण एका हार्डडिस्कवर आमच्या कपाटात पडून आहे.

परवा कविसंमेलनाचा भाग ऐकायला बसलो, तेव्हा कामाचा आवाका लक्षात आला. अहिराणीतून वाचणाऱ्या एका कवीच्या अगदी शेवटच्या दोन ओळींवर ‘प्रवेशद्वाराजवळची पांढरी गाडी कृपया हलवावी’ ही सूचना येऊन बसली आहे. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की सूत्रसंचालकांनी ‘यानंतरचे कवी आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत’ एवढेच म्हणून माईक पुढे दिला, कॅमेरा त्या क्षणी श्रोत्यांकडे वळलेला होता, आणि तो आवाज कोणाचा हे आता आमच्या समितीतील कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

समितीतील तरुण मंडळींचे म्हणणे असे की सगळे जसेच्या तसे यूट्यूबवर टाकून मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, कारण कादंबरीकारांनी मुलाखतीच्या ओघात अद्याप प्रसिद्ध न झालेल्या कादंबरीतले एक प्रकरण वाचून दाखवले आहे. काय ठेवावे, काय कापावे आणि परवानगी कोणाकोणाची घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ध्वनिमुद्रक

आपल्या सभासदाने मिक्सरला रेकॉर्डर जोडला, ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मांडवाच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माईकमध्ये वक्त्याच्या आवाजाबरोबर प्रतिध्वनी, पंख्यांची घरघर आणि शेजारच्या खुर्चीवरची कुजबुजही येते. चित्र अंधूक असले तरी भाषण समजते, पण आवाज गेला की भाषणच गेले. मात्र मिक्सरच्या ध्वनीत एक उणीव असते. त्यात माईकपुढे बोललेलेच तेवढे येते, हशा आणि टाळ्या जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे विनोदी कथाकथन ऐकताना कथाकार रिकाम्या खोलीत बोलत असल्यासारखे वाटते. म्हणून मुख्य आवाज मिक्सरचा घ्यावा आणि त्याखाली कॅमेऱ्याचा आवाज अगदी थोडा मिसळावा. हे करताना एकेक सत्र वेगळे कापून जुळवावे, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि सलग काही तासांनंतर ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली दिसते.

गाडीची सूचना काढता येणार नाही. ती त्याच मिक्सरमधून गेली असणार, त्यामुळे कवीचा आवाज आणि ती सूचना आता एकजीव झाली आहेत.

घरघर कमी करणारी सॉफ्टवेअरे जपून वापरावीत, कारण जास्त ताण दिला की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार बोथट होते. मूळ फाइलींना हात न लावता जी काही साफसफाई करायची ती नकलेवर करावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा वेव्ह (आवाजाचा तपशील न गाळता साठवणाऱ्या) स्वरूपातील स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे आपले अकरा तास एका साध्या पेनड्राइव्हवरही मावतील. तेव्हा जागेच्या काळजीने मूळ फाइलींचे एमपीथ्री करून त्या पुसू नयेत. एकाच हार्डडिस्कवर विसंबणे हा मात्र खरा धोका आहे. तीन प्रती ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी वाचनालयाच्या इमारतीबाहेर असावी.

उत्तर : वकिली करणारा वाचक

कार्यक्रम आम्ही भरवला, मानधन आम्ही दिले, म्हणून ध्वनिमुद्रणही आमचेच, असा समज आयोजकांत सर्रास आढळतो. कायदा इतका सरळ नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार जाहीर भाषणाचा पहिला प्रताधिकार सर्वसाधारणपणे भाषण करणाऱ्याकडे असतो. शिवाय ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत त्या कायद्याने गायक, नट यांच्याबरोबर व्याख्यान देणाऱ्यालाही धरले आहे, आणि सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केले तर त्या हक्काचा भंग होत नाही. पण यूट्यूबवर सर्वांसाठी खुले करणे त्यात बसत नाही.

वाचनाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. कवीने आपलीच कविता वाचली, तरी संग्रहाचे हक्क त्याने प्रकाशकाकडे दिलेले असू शकतात, म्हणून परवानगीच्या पत्रात तसा प्रश्न विचारून ठेवावा. कोणी दिवंगत कवीच्या कविता वाचल्या असतील, तर कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत वारसांचा विचार करावा लागतो. अप्रकाशित प्रकरणाबद्दलचा आपला संकोच अगदी रास्त आहे. ते कादंबरीकारांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ नये. साध्या मराठीत एक पानाचे पत्र पुरेल : कोणते सत्र, कोठे ठेवणार, उत्पन्न मिळाले तर त्याचे काय, आणि पुढे कधी काढून टाकायला सांगितले तर काढणार की नाही. पुढच्या वेळी हेच पत्र निमंत्रणाबरोबर पाठवावे.

उत्तर : जुना श्रोता

मी या संमेलनांना साठ मिनिटांच्या आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेट खिशात घेऊन जात असे. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि ती हटकून कवितेच्या मध्यावरच संपते, असा माझा अनुभव आहे. त्या अर्धवट कविता आजही माझ्याकडे आहेत, पण कव्हरवर मी फक्त ‘कविसं. रात्र’ एवढेच लिहून ठेवले होते, त्यामुळे आपल्या अडचणीशी माझी जुनी ओळख आहे.

काय ठेवावे याबद्दल माझे मत जरा उलटे आहे. अध्यक्षीय भाषण बहुधा छापलेले असते, त्यामुळे ते ध्वनिमुद्रणात नसले तरी हरवत नाही. जे कागदावर नसते ते आधी जपावे : प्रश्नोत्तरे, कवीने कवितेआधी सांगितलेली हकिकत, भाषणाचा कागद बाजूला ठेवून बोललेली चार वाक्ये. कऱ्हाडचे १९७५ चे अखिल भारतीय संमेलन आणीबाणीत झाले. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते त्या वेळचे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आज त्या संमेलनाचा विषय निघाला की लोक छापील भाषणापेक्षा दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे जे आवाहन केले त्याचीच आठवण काढतात. उलट यवतमाळच्या २०१९ च्या संमेलनाचे इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, आणि जे भाषण झालेच नाही ते वर्तमानपत्रांतून सर्वदूर वाचले गेले! प्रत्यक्ष झालेली कितीतरी भाषणे मात्र आठ-आठ तासांच्या सलग चित्रफितींत अशी गाडली गेली आहेत की शोधणारा पहिल्या अर्ध्या तासातच दमतो.

सत्कार, नारळ-शाल आणि मान्यवरांची नामावळी खुशाल कापावी, पण मूळ प्रतीत ठेवावी, कारण कोण व्यासपीठावर होते हे पुढे तिथूनच कळते. प्रत्येक सत्राची वेगळी फाइल करून तिच्याबरोबर वक्ता, विषय, बोली, तारीख आणि कितव्या मिनिटाला काय आहे याची नोंद करावी. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणती ओवी गायली हे टिपून ठेवले; त्या नोंदींमुळेच तो साठा आज वापरता येतो. आपले काम त्यापुढे दोन सुट्ट्यांचे आहे.

अनोळखी आवाजासाठी एक व्यावहारिक सूचना करतो. खजिनदारांकडची मानधनाची व्हाउचरे पाहावीत. कवी व्यासपीठावरून उतरला की त्याची सही घेण्याची पद्धत असेल, तर व्हाउचरांचा क्रम आणि वाचनाचा क्रम बहुतेक एकच निघतो.

पुन्हा वाचनालय-कार्यवाह

सर्वांचा आभारी आहे. व्हाउचरांची युक्ती लागू पडली. आमच्या खजिनदारांनी त्या रात्री स्टेजच्या पायरीशीच टेबल मांडले होते. आधीच्या आणि नंतरच्या कवींच्या सह्यांमध्ये एकच नाव होते, आणि प्रवासखर्चाच्या रकान्यात त्यांनी एसटीचे तिकीट टाचलेले होते. फोन केला तेव्हा त्यांनी सूचनेखाली दबलेल्या दोन्ही ओळी लगेच म्हणून दाखवल्या. वर असेही सांगितले की त्या रात्री त्यांनी शेवटची ओळ ऐन वेळी बदलली होती, आणि नेमकी काय म्हटली ते आता त्यांनाही आठवत नाही.

ते पुढच्या रविवारी वाचनालयात येऊन ती कविता पुन्हा वाचणार आहेत. ते वाचन मूळ ध्वनिमुद्रणात न जोडता वेगळी फाइल म्हणून, त्या दिवसाच्या तारखेने ठेवावे असे मी ठरवले आहे. परवानगीचे पत्रही त्याच वेळी सहीसाठी पुढे करीन. अहिराणी शब्दांचे लेखन कवी सांगतील तसे ठेवावे की प्रमाण लेखनाला जवळचे करावे, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास रविवारच्या आत कळवावे.