डिशचा रिचार्ज बंद, सिनेमा भाड्याने: खरंच परवडतं का?

आकडेमोड (धागाकर्ता):

ज्या घरात ब्रॉडबँड आधीपासून आहे, त्या घराने डीटीएचला महिन्याला चार-साडेचारशे रुपये मोजणं ही निव्वळ सवय आहे, गरज नाही. मोडा ती सवय.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे (म्हणजे दूरसंचार नियामकाचे) नवे नियम लागू झाले. 'हवी तीच वाहिनी घ्या, तिचेच पैसे द्या' असा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात काय हाती आलं? एकही पे वाहिनी न घेता १३० रुपये नेटवर्क शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते तारेचे. वर बुके, म्हणजे वाहिन्यांचे तयार गठ्ठे. त्या बुकेत तुम्हाला हव्या असलेल्या चार वाहिन्यांच्या मागे न मागितलेल्या वीस. आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाही उठवली. म्हणजे आता कंपनी ठरवेल ते.

आमच्या घरचा जुना खर्च वर्षाला ५,४०० च्या आसपास. आता असं करतो: प्राइम १,४९९. हॉटस्टारचा सुपर प्लॅन मी घेतला तेव्हा ८९९ होता. नेटफ्लिक्स वर्षभर नाहीच, १९९ वाला फक्त चार महिने, पावसाळ्यात दोन आणि परीक्षा संपल्यावर दोन. हे झाले ३,१९४. उरलेल्या पैशांत सिनेमे भाड्याने. प्राइमने एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे ही सोय केलीय. सदस्य नसलात तरी एकेक सिनेमा भाड्याने मिळतो. पैसे भरल्यावर सुरू करायला ३० दिवस, एकदा सुरू केला की संपवायला ४८ तास.

लोक त्या ४८ तासांवर नाक मुरडतात. मला तीच त्यातली सर्वात चांगली गोष्ट वाटते. 'नंतर बघू'च्या यादीत टाकलेला फुकटचा सिनेमा वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. दीडशे रुपये मोजलेला सिनेमा शनिवारी रात्री सगळे बसून बघतात, आणि मध्ये कुणी मोबाइलही उचलत नाही.

होऊ द्या काथ्याकूट.

रिकामटेकडा:

म्हणजे वर्षाला दहा सिनेमे दीडशेने धरले तर तुमचे ५,४०० चे ४,७०० झाले. सातशे रुपये वाचवायला एवढा उपद्व्याप! कुठलं कधी बंद करायचं, कुठलं कधी चालू करायचं, ऑटो-पे काढलं की नाही...

आणि ब्रॉडबँड कुठे गेलं हिशेबातून? ३९९ चा ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन घेतला तरी जीएसटीसह ४७१. वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर. 'ते आधीपासून होतंच' म्हणून सोडून द्यायचं असेल, तर माझ्या गच्चीवर छत्रीही आधीपासूनच आहे.

आकडेमोड:

@रिकामटेकडा, छत्रीला रिचार्ज लागतो हो. ब्रॉडबँड पोरांच्या अभ्यासाला आणि बायकोच्या ऑफिसला लागतंच, टीव्ही बघा नाहीतर बघू नका. ज्यांना नेट निव्वळ टीव्हीसाठी घ्यावं लागेल त्यांना माझा हिशेब लागू नाही, म्हणून तर पहिल्याच वाक्यात अट घातलीय.

ओसरी:

हे सगळे हिशेब मांडणारे पुरुष संध्याकाळी सात ते नऊ घरात नसतात, असा माझा दाट संशय आहे. (हलके घ्या.)

माझी आई ७४ वर्षांची. तिच्या तीन वाहिन्या ठरलेल्या आहेत आणि तिन्हींचे नंबर तिला पाठ आहेत. चष्मा न लावता रिमोटची बटणं दाबते. मागच्या वर्षी भावाने उत्साहाने 'सगळं ओटीटीवर' केलं. आता काय करायचं बघा. आधी होमचं बटण. मग रांगेतून बरोबर अ‍ॅप शोधायचं. मग 'कोण बघतंय?' म्हणून चार गोल चेहरे येतात, त्यातला आपला निवडायचा. नातवाच्या चेहऱ्यावर दाबलं की कार्टून. मालिका वर दिसली नाही तर शोधायची, तीही पडद्यावरच्या कीबोर्डवर बाणाने एकेक इंग्रजी अक्षर गाठत. आणि एखाद्या दिवशी अ‍ॅप आपणहून लॉगआउट होतं. ओटीपी येतो माझ्या मोबाइलवर, आणि मी तेव्हा लोकलमध्ये दिवा स्टेशनच्या पुढे कुठेतरी लटकलेली.

बरं, अ‍ॅपही एक नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. बुके मोडायला निघालात आणि तीन कंपन्यांचे तीन बुके गळ्यात.

तिची मालिका साडेसातला लागते म्हणून तिचा कुकर सव्वासातला लागतो. 'कधीही बघा' ही सोय तिला सोय वाटतच नाही. मालिका संपली की मावशीचा फोन येतो, कारण दोघींनी एकाच वेळी बघितलेलं असतं. आम्ही गुपचूप डिश परत चालू केली.

रिकामटेकडा:

+१००. 'कोण बघतंय?' या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात रोज वादाने ठरतं.

आकडेमोड:

@ओसरी, तुमच्या आईंच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही. पण मग बुके तरी का? तीनच वाहिन्या सुट्या घ्या. बुकेत घालायची तर वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. तिन्ही १९ च्या धरल्या आणि शुल्क १३० धरलं तर करासह २२० रुपये होतात. साडेचारशे कुठे, २२० कुठे! उरलेल्या पैशात महिन्याला एक सिनेमा भाड्याने.

ओसरी:

सुट्या वाहिन्यांचा पर्याय त्या अ‍ॅपमध्ये शोधून दाखवा, माझ्याकडून मिसळ. फोन केला तर पलीकडचा मुलगा 'मॅडम, फॅमिली पॅक स्वस्त पडेल' हे एवढंच वाक्य घोळवत राहतो. शेवटी केलं मी ते, पण अर्धा रविवार गेला.

पंचगंगा:

कोल्हापूर. आमचा धंदा केबलचा, वडिलांपासून. त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं समजूनच वाचा.

आम्हाला सगळ्यात जास्त कुणी मारलं असेल तर वाहिन्यावाल्यांनीच. आमच्या ग्राहकाकडून स्पोर्ट्स वाहिनीचे पैसे घ्यायचे, आणि तेच आयपीएल २०२३ मध्ये मोबाइलवर फुकट. २०२३ ते २०२७ साठी टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले होते, डिजिटलचे वायकॉम१८ ने (म्हणजे जिओसिनेमावाल्यांनी) जवळपास तेवढेच पैसे मोजून. आमच्या पोरांनी सेट-टॉप बॉक्स परत आणून दिले, 'दादा, जिओवर दिसतंय की!' मग दोन हंगाम फुकट झाले, कंपन्या एकत्र आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि फुकट संपलं. आता टीव्हीवरही तेच, अ‍ॅपवरही तेच. तुम्ही केबल सोडून गेलात कुणाकडे? त्याच मालकाकडे, फक्त मागच्या दाराने.

दुसरं. पावसाळ्यात आमच्या लोकल चॅनलवर खाली पट्टी फिरत असते, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. शाहूपुरी, दुधाळीतली माणसं रात्री दोनला उठून ती पट्टी बघतात आणि सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतात. २०१९ ला बघितली, २०२१ ला बघितली. कुठलं अ‍ॅप दाखवणार आहे हे?

अवांतर: केबल सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात नेट आमचंच आहे. त्याच खांबावरून फायबर ओढलंय. त्यामुळे रागावलो नाहीये, चालू द्या.

आकडेमोड:

@पंचगंगा, पट्टीचा मुद्दा जबरदस्त. पण पाणी चढायला लागलं की आधी वीज बंद करतात ना? मग पट्टी कशावर बघणार? तेव्हा मोबाइलच कामाला येतो. तुमचा चॅनल यूट्यूबवर थेट दाखवा की.

पंचगंगा:

दाखवतोय. बघणारे बरेचसे पुण्यात राहणारे कोल्हापूरकर. घरात आई-बाप अडकलेले असतात.

जर्सीकर:

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, हा सगळा प्रवास आपल्या आधी होऊन गेलाय, म्हणून पुढचं पान वाचून दाखवतो.

केबलचं बिल शंभर डॉलरच्या पुढे गेलं म्हणून लोकांनी केबल कापली. २०१७ मध्ये यूट्यूब टीव्ही आलं ३५ डॉलरला, तेच चॅनल, इंटरनेटवरून. आम्ही देशी मंडळी तर तुटूनच पडलो. जानेवारी २०२५ पासून त्याचा दर ८२ डॉलर ९९ सेंट. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर डिस्नेशी पैशांवरून फाटलं आणि दोन आठवडे ईएसपीएन, एबीसी सगळं काळं. ऐन फुटबॉलच्या मोसमात. केबलच्या काळात हेच व्हायचं, हेच भांडण, अशाच 'तुमच्या कंपनीला फोन करा' छापाच्या पाट्या.

आकडेमोड यांचा हिशेब आजच्या भावाने बरोबर आहे. पण हे भाव गिऱ्हाईक फोडण्यासाठी लावलेले भाव आहेत. छत्र्या उतरल्या की बघा. तुमच्याकडे सुरुवात झालीच आहे: प्राइमवर जून २०२५ पासून जाहिराती, त्या नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९. तुमचे १,४९९ खरे म्हणजे २,१९८ आहेत.

आकडेमोड:

जाहिराती आल्या हे खरं. पण फरक लक्षात घ्या: मी एका मिनिटात बंद करून निघून जाऊ शकतो. केबलच्या काळात तुम्हाला जाता येत नव्हतं, गल्लीत केबलवाला एकच. (@पंचगंगा, माफी.) नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडचा ४९९ चा प्लॅन १९९ वर आणला तो काही दयेपोटी नाही, लोक घेत नव्हते म्हणून. गिऱ्हाईक हलतं राहिलं की भाव ताळ्यावर राहतो.

तिसरी घंटा:

मी आकडेमोड यांच्या बाजूचा, पण कारण वेगळं. वाद पैशांचा चाललाय, सिनेमाचं कुणी बोलतच नाहीये.

'सबस्क्रिप्शन' आणि 'भाड्याने' या एकाच पंगतीतल्या गोष्टी नाहीत. सबस्क्रिप्शनवर कुठला सिनेमा दिसणार हे हक्कांच्या करारावर ठरतं. करार संपला की सिनेमा गायब, तुमच्या यादीत असला तरी. भाड्याच्या धंद्यात दुकानदाराकडे प्रत असायची. नेटफ्लिक्सची सुरुवात १९९८ मध्ये डीव्हीडी पोस्टाने भाड्याने देण्यापासून झाली. अमेरिकेच्या कायद्यात विकत घेतलेली डिस्क भाड्याने द्यायला स्टुडिओची परवानगी लागत नाही, म्हणून त्यांच्या डीव्हीडींचा साठा त्यांच्याच स्ट्रीमिंगपेक्षा कितीतरी मोठा होता. जुने, परदेशी, कुणी विचारत नाही असे सिनेमे लाल पाकिटातून यायचे. २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची पाकिटं गेली आणि ते दुकान मिटलं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमा भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडे, म्हणजे ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडेच. गल्लीबोळातल्या व्हिडिओ लायब्ऱ्या कायद्याने नव्हे, कानाडोळ्याने चालत होत्या. पण तिथला माणूस सिनेमे बघितलेला असायचा. 'हा नेऊ नका, दुसऱ्या अर्ध्यात झोपाल' असं सांगणारा माणूस कुठल्या अल्गोरिदममध्ये आहे?

आता मराठीचं. टीव्हीवाले निदान रविवारी दुपारी मराठी सिनेमाचा प्रीमियर लावतात, मग भले तो जाहिरातींत बुडालेला असो. मोठे ओटीटीवाले मराठी सिनेमा घ्यायला हात आखडता घेतात, ही निर्मात्यांची जुनी तक्रार आहे. सबस्क्रिप्शनच्या पैशातला किती वाटा मराठी सिनेमाला जातो हे प्रेक्षकाला कळायला मार्गच नाही. भाड्याने घेतला तर निदान एवढं नक्की, की माझे दीडशे रुपये याच सिनेमासाठी निघाले. मराठी सिनेमा मिळाला की मी तो भाड्यानेच घेतो, वर्गणीत फुकट असला तर चुटपुट लागते.

रिकामटेकडा:

चुटपुट लागणारा पहिला पुणेकर पाहिला.

तिसरी घंटा:

सोलापूरचा आहे.

सातारी तर्री:

एवढे प्रतिसाद झाले आणि फ्री डिशचं नाव नाही! दूरदर्शनची सेवा, डिसेंबर २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच दोनेक हजार, नंतर महिना शून्य. सह्याद्री आहे, बातम्या आहेत.

आणि क्रिकेट. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते सिग्नल खासगी केबल-डीटीएचवर फुकट पुढे ढकलता येणार नाहीत. त्यामुळे पैसे भरणाऱ्याच्या खासगी डिशवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर सामन्याच्या वेळी दुसरंच काहीतरी, आणि आमच्यासारख्या फुकट्यांना भारताचे घरचे वनडे आणि टी-२० सामने बिनपैशाचे! (आयपीएल त्यात नाही, ते विसरा.)

माझा तोडगा: गच्चीवर फ्री डिश, आणि एका वेळी एकच अ‍ॅप.

ओसरी:

फ्री डिशवर स्टार प्रवाह, झी मराठी येतं का?

सातारी तर्री:

नाही. पे वाहिन्या आहेत त्या.

ओसरी:

मग आईपुढे हा विषयच काढत नाही. पण भावाच्या घरी चालेल, त्याला मॅच आणि बातम्या सोडून काही लागत नाही. जुनी छत्री वापरता येते का, की तीही नवी घ्यायची?

पंचगंगा:

जुनी चालते, फेकू नका. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व, त्यामुळे छत्रीचा कोन बदलावा लागेल. त्यासाठी माहितगार माणूस बोलवा, गच्चीवर उभं राहून 'आलं का? आलं का?' ओरडण्यात संध्याकाळ जाते. बॉक्स मात्र एमपेग-४ चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) मागा. दुकानदार जुना एमपेग-२ चा माल खपवतात, त्यावर सगळ्या वाहिन्या येत नाहीत. आणि टीव्ही नवा असेल तर बॉक्स घ्यायच्या आधी मागे सॅटेलाइटची पिन आहे का बघा. सिग्नल पकडणारा ट्यूनर टीव्हीच्या आतच असला तर बॉक्सचेही पैसे वाचतील.