कुकर जळून घरभर धूर झाला – स्मोक अलार्म, एक्स्टिंग्विशर यातलं नेमकं काय घ्यावं?

शेवंती
मंगळवारी आमच्याकडे कुकर जळाला. घरी सासूबाई (वय 74) एकट्याच होत्या. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ लावली, गॅस बारीक केला आणि खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या. परत येताना जिन्यातच उग्र वास आला. तशाच आत शिरून त्यांनी गॅस बंद केला, पण धुराने ठसका लागला आणि त्या ओट्यापाशीच खाली बसल्या. शेजारच्या मुलाने हात धरून बाहेर आणलं. डॉक्टरांना दाखवलंय, आता बऱ्या आहेत. पाणी आटून कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळला, त्याचा शिशासारखा थेंब झाकणावर गोठून बसलाय. तो पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे.

पुण्यात सहाव्या मजल्यावर 2 बीएचके आहे, सिलिंडरचा गॅस, चिमणी आहे. स्मोक अलार्म लावावा का? आमच्याकडे रोज खमंग फोडणी असते, तो सारखा वाजत राहील का? एक्स्टिंग्विशर कोणता घ्यावा? आणि पडद्यांना बसलेला करपट वास कशाने जाईल? चार-पाच हजार खर्च करायची तयारी आहे. अनुभवाचं सांगा, प्लीज.

रानजाई
आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे घरोघरी अलार्म असतोच. पहिल्या वर्षी ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की वाजायचा, म्हणून आम्ही बॅटरी काढून ठेवली होती. फार मोठी चूक. खरं तर जागा चुकली होती, तो स्वयंपाकघराच्या दारावरच लावला होता. शेगडीपासून निदान 10 फूट लांब, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये छताला लावा. घेताना 'फोटोइलेक्ट्रिक' प्रकारचा मागा. दुसरा प्रकार, आयोनायझेशनवाला, फोडणीला लवकर वाजतो, फोटोइलेक्ट्रिक धुमसणारा धूर चांगला ओळखतो, आणि तुमच्याकडे झालं ते धुमसणंच. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायचा आणि 10 वर्षांनी बदलायचा.

बंबखाना
शेवंतीताई, मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो. अलार्म जरूर घ्या. पण त्याआधी एक काम आजच करा: तुमची सगळ्यात मोठी कढई पूर्ण झाकेल असं जड, सपाट झाकण ओट्याजवळ हाताला येईल असं टांगा. काचेचं नको. तेल पेटलं तर ते झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवायचं, गॅस बंद करायचा आणि कढईला हात लावायचा नाही. पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही, नाहीतर हवा लागून पुन्हा भडकतं. पाणी तर चुकूनही नको. ते तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या जवळपास 1700 पट जागा लागते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावताना भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

एक्स्टिंग्विशर 2 किलोचा एबीसी पावडरचा घ्या. आयएसआय खूण आणि आयएस 15683 हा मानक क्रमांक पाहा, दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. तो पडदा, वायरिंग, मिक्सर पेटला तर कामाचा. तेलाच्या कढईवर जवळून मारू नका, झोताने तेल उडतं. आणि टांगायचा तो दाराजवळ. शेगडीच्या डोक्यावर टांगला तर आगीत हात घालून काढावा लागेल.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि विजेचं कुठलंही बटण चालूही नको, बंदही नको. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. बाहेर येऊन 1906 ला फोन. आगीसाठी 101 किंवा 112. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, ओट्याखाली साचतो, म्हणून गॅस डिटेक्टर घेतलात तर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. (पाइपचा गॅस हलका, त्यांच्याकडे तो छताजवळ.) रबरी सुरक्षा पाइप 5 वर्षांनी बदलायचाच. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर आतून लिहिलेलं अक्षर वाचा. बी-27 म्हणजे जून 2027 पर्यंत तपासणीची मुदत. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, धुराने भरलेल्या घरात पुन्हा शिरायचं नाही. दार ओढून घ्यायचं आणि आरडाओरडा करायचा. घर पुन्हा उभं राहतं.

कोजागरी
वासाचं सांगते. आधी पडदे, उशांचे अभ्रे सगळं धुवायला टाका, नुसतं उन्हात घालून जात नाही. भिंती, कपाटांची दारं पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. चिमणीची जाळी काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, तिच्यात साचलेलं तेल स्वतःच पेटू शकतं.

कुकर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यात सोडा मात्र घालू नका, काळा पडतो. चिंचेचं पाणी उकळा. स्टीलचा असेल तर सोडा चालतो. व्हॉल्व्ह आणि रिंग त्याच कंपनीची घ्या. बूड फुगलं असेल तर सरळ मोडीत.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. झाकण आजच टांगलं. एक मात्र सुचत नाही. सासूबाई म्हणतात, मी आता गॅसला हात लावणार नाही. चाळीस-पन्नास वर्षं घर जेवू घातलं त्यांनी, आणि आता दुपारी नुसत्या हॉलमध्ये बसून असतात.

आजोळ
शेवंती, मी 71 वर्षांची आहे, माझ्याकडून दोनदा दूध असंच जळालं. मुलाने स्वयंपाक बंद केला नाही, डाळ-भातासाठी टायमरची इंडक्शन शेगडी आणून दिली. वेळ संपली की आपोआप बंद होते. आणि मी स्वतः एक सवय लावून घेतली. गॅस चालू ठेवून ओट्यापासून हलले तर हातात उलथनं घेऊनच हलते. फोन येवो, दारावर कुणी येवो, हातातलं उलथनं दिसलं की आठवण होते. त्यांना हे तू नको सांगूस, माझा हा मेसेज वाचून दाखव. सून सांगते आणि बरोबरीची बाई सांगते, यात फरक पडतो गं.

बंबखाना
आजी, हे आमच्या प्रात्यक्षिकातसुद्धा सांगण्यासारखं आहे.
शेवंतीताई, सोसायटीत विचारा, जानेवारी आणि जुलैचा 'फॉर्म बी' भरला जातो का. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला असतो तो. जिन्यातली चपलांची कपाटं हलवायला लावा. 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. 1944 साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात आमचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात जवळच्या केंद्राकडे अर्ज करून प्रात्यक्षिक मागा.

शेवंती
अपडेट: अलार्म पॅसेजमध्ये लावला, काल फोडणीला वाजला नाही. एक्स्टिंग्विशर दाराशी. इंडक्शन आली. आजींचा मेसेज सासूबाईंनी स्वतः दोनदा वाचला. आज दुपारी ऑफिसातून फोन केला तर म्हणाल्या, "थांब, उलथनं खाली ठेवते." डाळ शिजत होती.