इंग्रजीपेक्षा गप्प बसणं नडतं
"सांगली-साताऱ्याकडची मुलं इंग्रजीमुळेच मुलाखतीत अडकतात" हे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांबद्दलचं मत मला अर्धंच पटतं. एचआरच्या (कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या) फेरीत इंग्रजी नडतं, खरं आहे. पण पुष्कळ मुलं त्याआधी कोडिंगच्या, म्हणजे प्रोग्राम लिहून दाखवायच्या फेरीतच गळतात. मी मूळचा मिरजेचा, पुण्यात एका कंपनीत मुलाखती घेतो. आपल्याकडच्या मुलांत एक गोष्ट सारखी दिसते. प्रश्न ऐकला की मान खाली घालून थेट लिहायला लागतात, पेपर सोडवल्यासारखं. डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला कळतच नाही.

समजा विचारलं, दहा लाख नंबरांच्या यादीत एक नंबर शोधायचा आहे. मला आधी ऐकायचं असतं, "यादी क्रमाने लावलेली आहे का?" असेल तर बायनरी सर्चने (दरवेळी मधला नंबर बघून नको असलेली अर्धी यादी सोडून द्यायची) साधारण २० तुलनांत काम होतं. नसेल आणि एकदाच शोधायचं असेल, तर क्रम लावत बसण्यापेक्षा सरळ पूर्ण यादी बघितलेली बरी. वारंवार शोधायचं असेल तर हॅश टेबल, म्हणजे नंबरावरूनच त्याची जागा काढता येईल अशी मांडणी. एवढं विचारायला फाडफाड इंग्रजी लागत नाही, आणि वाक्य अर्धं मराठीत आलं म्हणून मी कुणाला नापास केलेलं नाही. सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी होस्टेलवर एकमेकांना प्रश्न घालून, मोठ्याने बोलत सोडवायचा सराव खरंच करावा. कोड पूर्ण झाला नाही तरी नेमकं कुठे अडलंय ते नीट सांगणाऱ्यांना मी पुढच्या फेरीला पाठवलेलं आहे.