मदत हवी आहे: मंगळावरच्या श्रुतिकेत अक्काचा आवाज आणि आमची बोली कशी टिकवू?

नमस्कार मंडळी,

बेळगावात आम्ही पाच जण मिळून मराठीत एक विज्ञान श्रुतिका करतोय. सहा भाग, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचा. लेखन बरंच झालंय, पण पहिल्या भागाचं ध्वनिमुद्रण मुख्य भूमिकेपाशी अडलंय.

गोष्ट अशी. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीची, म्हणजे मलप्रभेच्या उगमाच्या गावची एक बाई, पाणाड्याची लेक, मंगळावर जमिनीखालचा बर्फ शोधायला गेलीय. तळावर अपघात होतो, ती एकटी उरते आणि गाडी घेऊन दुसऱ्या तळाकडे निघते. वाटेतून ती धाकट्या भावाला निरोप पाठवत राहते. मंगळावरून रेडिओ संदेश इथे पोचायला ग्रहांमधल्या अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. उत्तर परत जाईपर्यंत कधी सहा मिनिटं, कधी पाऊण तास. त्यामुळे दोघांची बोलाचाली होऊच शकत नाही. ती बोलते आणि थांबते, बोलते आणि थांबते. सगळी श्रुतिका तिच्या एकटीच्या आवाजावर उभी आहे.

ही भूमिका माझी चुलत बहीण करतेय. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. वय ५६, राहते येळ्ळूरला, गणपतीतल्या नाटकांत वीसेक वर्षं काम केलेलं. पहिलं वाचन तिच्या स्वयंपाकघरात झालं, मी सहज मोबाइलवर टिपून ठेवलं. एका ठिकाणी ती म्हणते, "मी पोचलो गा. इथं वारं सुटलंय. तू जेवलास काय?" आणि मग ती गप्प बसली. संहितेत तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. उत्तर यायला अर्धा तास लागणार हे ठाऊक असलेल्या बाईची ती शांतता होती. आम्हा कुणाला पुढचं वाक्य सुरू करायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात भाड्याच्या स्टुडिओत गेलो आणि ते सगळं हरवलं. अक्का माइकसमोर ताठ उभी राहिली, मंडपातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसा आवाज लावला, आणि कुणी न सांगता "मी पोचलो"चं "मी पोहोचले" झालं. चार वेळा घेतलं, चारही वेळा तेच.

त्यातून दुसरा वाद निघालाय. आमच्याकडे बायकासुद्धा "मी आलो, मी जातो" म्हणतात. गटातल्या दोघांचं म्हणणं, पुण्या-मुंबईचा श्रोता गोंधळेल, बोलणारी बाई की पुरुष हे त्याला कळणार नाही. चित्रपटात माणूस दिसतो, इथे फक्त कान आहेत, तेव्हा शंका खोटी नाही. पण प्रमाण भाषेत आणलं की अक्काच्या आवाजातला जीव जातो, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. घरात मराठी, बाजारात कन्नड अशी वाढलेली आमच्या भागातली बाई अंतराळात आमच्यासारखीच बोलतेय, असं मी आजवर कधी ऐकलेलं नाही. मला ते फार मनापासून हवंय.

एका आवाजावर एवढा भार टाकता येतो यावर माझा विश्वास आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतला पॉल मॅकगॅन यांचा डॉक्टर १९९६ मध्ये एकाच टीव्ही चित्रपटात दिसला. २००१ पासून बिग फिनिश या कंपनीच्या ध्वनिनाट्यांत त्यांनी तोच डॉक्टर नुसत्या आवाजावर वर्षानुवर्षं वाढवला. चेहरा न दिसता माणूस पूर्ण उभा राहतो.

तर माइकसमोर अक्काला स्वयंपाकघरातल्यासारखं कसं बोलतं करू? आणि मोबाइलवरचं ते वाचन वापरता येईल का? त्यात पंख्याची घरघर आहे, एक कुकरची शिट्टी आहे, आणि शेवटी पत्र्यावर पाऊस सुरू होतो. मंगळावर पाऊस कुठून आणू?

प्रतिसाद

स्टुडिओ सोडा. अक्कांच्याच घरात आतली खोली बघा, भिंतींना वाकळा लावा, जमिनीवर सतरंजी घाला. त्यांना बसवा आणि समोर हातभरावर भावाचं काम करणाऱ्याला बसवा. त्याने एक शब्दही बोलायचा नाही, फक्त ऐकायचं. रंगमंचावरच्या नटाला प्रेक्षक लागतो. एकच माणूस जवळ असला की आवाज आपोआप खाली येतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ फुटणार नाहीत. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि आवाजाची पातळी कमी धरा, मग त्या अचानक ओरडल्या तरी फाटणार नाही. कुणी न बोलता खोलीची शांतता मिनिटभर वेगळी टिपा, त्यांच्या थांब्यांखाली जोडायला लागेल.

"मी पोचलो" अजिबात बदलू नका. त्याआधी भावाचा एक जुना निरोप वाजू दे, "अक्का, पोचलीस की कळव." एवढ्याने श्रोत्याला बाई कळते, पुढे कान सरावतो.

पंख्याची घरघर राहू दे. अंतराळवीराच्या पोशाखातही हवा खेळवणारा पंखा असतो, तीच घरघर सगळ्या प्रवेशांखाली हलकी ठेवा. शिट्टी कापा, पावसाआधी तोडा. पोशाखाबाहेरचं, मंगळाच्या हवेतलं यंत्र वाजवाल तेव्हा मात्र वरचे सूर काढून टाका. मंगळाची हवा विरळ आणि कार्बन डायऑक्साइडची, तीक्ष्ण आवाज तिथे लवकर विरतात. ध्वनीचा वेगही सेकंदाला सुमारे २४० मीटर, आपल्याकडे ३४०.

धागाकर्ता

फार आभार. पंख्याचं डोक्यातच आलं नव्हतं, म्हणजे ती शांतता वाचली! भावाचं काम माझंच आहे, तेव्हा समोर मीच बसेन. अक्काला फोन करून सांगितलं. म्हणाली, "बस की. पण जेवून ये. उपाशी बसलास तर मला तोंडावर दिसतंय, मग विचारायचं काय राहिलं?"

यावर तुमचं मत हवंय. जेवून जाऊ की उपाशी?