मदत हवी आहे : वाळवंटात मिसळून जाणारे घर, पण पश्चिमेची काच ठेवावी का?

एकांडा उंट
आम्ही वाळवंटात सुमारे १,८०० चौरस फुटांचे एकमजली घर बांधत आहोत. घर आधुनिक असावे, पण दुरून पाहणाऱ्याला ते वाळूच्या टेकाडाचाच भाग वाटावे, एवढी आमची अपेक्षा आहे. वास्तुविशारदांनी दिवाणखान्याच्या पश्चिमेला २२ फूट लांबीची, जमिनीपासून छतापर्यंतची काच दाखवली आहे, कारण त्या बाजूला टेकाडे आणि सूर्यास्त आहे. सासऱ्यांच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, तर वास्तुविशारदांच्या मते दुहेरी काच घेतली की प्रश्नच उरत नाही. ठेकेदाराला सोमवारी दगडाची मागणी नोंदवायची आहे. तेव्हा काच ठेवावी की नाही, एवढेच सांगावे. वास्तुशास्त्रावर चर्चा नको.

चुनागच्ची
वाळवंट कोणते? थर, अ‍ॅरिझोना आणि ओमान यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. घरात बाराही महिने राहणार आहात का? बांधकामाला पाणी कुठून येणार? आणि जोत्याची उंची किती धरली आहे?

सोनोराकर
मी १४ वर्षे अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये राहतो आहे आणि अनुभवाने सांगतो, की दगडाचा नाद सोडून तुम्ही धुमसलेल्या मातीच्या भिंती घालाव्यात. माती साच्यात थराथराने धुमसली की ते थर भिंतीवर रेषांसारखे उमटतात, रंग लावावा लागत नाही आणि घर आपोआप जमिनीच्या रंगाचे होते. भिंत दीड-दोन फूट जाडीची असली, तर दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ मध्ये इथल्याच स्कॉट्सडेलजवळ टॅलिएसिन वेस्ट हे आपले वाळवंटातले घर आणि कार्यशाळा उभारायला घेतली, तेव्हाही तिथलेच दगड साच्यात रचून त्यांच्या फटींत काँक्रीट ओतले होते.

काचेबद्दल म्हणाल, तर आमच्या घराला पश्चिमेची काच आहे आणि तीही दुहेरीच आहे. जूनमध्ये संध्याकाळी पाच वाजता त्या खोलीत कोणी बसत नाही. निळा सोफा काचेकडच्या बाजूने राखाडी झाला आहे.

एकांडा उंट
क्षमस्व, ठिकाण लिहायचे राहिले. जैसलमेरपासून ३५ किलोमीटरवर, सम गावाच्या बाजूला. पत्नीचे माहेर तिथले असून जमीन सासऱ्यांची आहे. आम्ही ऑक्टोबर ते मार्च तिथे राहणार आणि उरलेले महिने घर बंद असणार. याचा काचेशी काय संबंध, हे मात्र मला कळले नाही.

जोधपूरची मावशी
लग्न होऊन जोधपूरला आले त्याला ३१ वर्षे झाली. जिथे पिवळा दगड खाणीतून थेट दारात येतो, तिथे मातीचा आग्रह कशासाठी? जैसलमेरचा किल्ला ११५६ मध्ये बांधायला घेतला तो त्याच दगडात, आणि उन्हे कलताना तो वाळूपासून वेगळा काढता येत नाही. दगड जुनाट दिसेल अशी भीती असेल, तर जैसलमेरजवळच्या कनोई गावची राजकुमारी रत्नावती कन्याशाळा पाहून यावे. डायना केलॉग यांनी आखलेली ती इमारत लंबवर्तुळाकार आहे, तिथे दगडी जाळ्यांतून वारा खेळतो, आणि तरीही ती कुठल्या हवेलीची नक्कल वाटत नाही.

मातीबद्दल बोलायचे, तर ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातल्या कवास गावी काय झाले ते आठवावे. वाळूखाली जिप्समचा थर असल्यामुळे पुराचे पाणी मुरलेच नाही, कित्येक आठवडे तसेच उभे राहिले आणि मातीची घरे बसली.

सोनोराकर
मावशी, मातीत पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळले की अशी भिंत पावसाने विरघळत नाही. आणि कित्येक आठवडे पाण्यात राहिला, तर दगडी घराचाही पाया खचेल.

जोधपूरची मावशी
सिमेंट कोणत्या पाण्यात कालवणार? त्या भागातले विंधण विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी खारे असते. त्याने भिंतीला लोणा धरतो आणि काँक्रीटमधल्या सळया गंजतात. दगड चुन्या-सिमेंटाविना एकमेकांत अडकवून रचता येतो. आमच्या जोधपूरचा उमेदभवन राजवाडा तसाच उभा आहे.

शमीपूजक
भिंत कोणत्या रंगाची असावी यापेक्षा अंगण कसे असावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हिरवळ लावली, की घर कितीही वाळूच्या रंगाचे असले तरी ते उपरे दिसते. अंगणात बोर, रोहिडा आणि खेजडी असावी. खेजडी म्हणजे आपली शमीच, आणि ऐन वैशाखातही ती हिरवी असते.

एकांडा उंट
मी बागेविषयी विचारले नव्हते. तथापि खेजडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की नियोजित काचेसमोर बारा फुटांवर एक जुनी खेजडी आहे आणि दृश्य मोकळे व्हावे म्हणून ठेकेदार ती पुढच्या आठवड्यात काढणार आहे.

जोधपूरची मावशी
आधी त्याला थांबवा! खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात ३६३ बिश्नोईंनी या झाडांसाठी प्राण दिले, आणि तुम्ही सूर्यास्तासाठी ती तोडता आहात. सासऱ्यांना विचारले आहे का?

चुनागच्ची
आता उत्तर देता येईल. जूनमध्ये तिथे माध्यान्हीचा सूर्य सुमारे ८६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेला दोन फुटांचे छज्जेही पुरतात. पश्चिमेला तसे होत नाही, कारण मावळता सूर्य कोणत्याही छज्जाखालून आत शिरतो. साधी दुहेरी काच बाहेरची गरम हवा अडवते, पण थेट ऊन अडवत नाही. तुम्ही हिवाळ्यात राहणार आहात, तेव्हा सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो आणि तिथल्या थंडीत ते तिरपे ऊन हवेसेच वाटेल. खरी अडचण बंद घराची आहे. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे वारे वाळू घेऊन येतात, सरकत्या दाराच्या खाचा भरतात आणि ऑक्टोबरमध्ये ते दार जागचे हलत नाही.

म्हणून २२ फुटांऐवजी सात फुटांची काच घ्यावी, ती चार फूट खोल ओसरीच्या आत न्यावी, आणि ओसरीच्या तोंडाशी दगडी जाळी बसवून तिच्या मधोमध जाड लाकडी दार ठेवावे. निघताना ते बंद करता येईल. खेजडी असू द्यावी. सूर्यास्त पाहायला गच्ची आहेच. सोनोराकर, तुमची पद्धत टूसॉनला योग्य असेल, परंतु थरच्या उडत्या वाळूत चिकणमाती जवळपास नसते, ती कितीही धुमसली तरी भिंत उभी राहणार नाही. माती बाहेरूनच आणायची, तर मग दगड काय वाईट?

सोनोराकर
चिकणमातीचा मुद्दा मान्य. जाळीत मात्र धूळ बसते, एवढे लक्षात असू द्यावे.

एकांडा उंट
सासऱ्यांना विचारले. त्या खेजडीच्या सांगऱ्यांची, म्हणजे शेंगांची भाजी आणि लोणचे त्यांच्या घरी दरवर्षी होते. पत्नीलाही हे ठाऊक होते, फक्त झाड तोडायचे ठरले आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तो कोणी म्हणजे मीच. वास्तुविशारद सात फुटांना तयार झाले आहेत, पण ओसरी तीनच फुटांची हवी म्हणतात. जाळीचा दगड सोमवारच्याच मागणीत घालतो आहे.

चुनागच्ची
ओसरीवर चार फुटांचा आग्रह धरावा. आणि जोते?

एकांडा उंट
दीड फूट.

चुनागच्ची
तीन करावे. मावशींनी लिहिलेली कवासची हकीकत वास्तुविशारदांनाही वाचून दाखवावी.