मदत हवी आहे : ऊसतोडीच्या फडावरच्या मुलीचे छायाचित्र छापायला द्यावे का?

धागाकर्ती :
नमस्कार. मी पुण्यात पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि ऊसतोड कामगारांवरची छायाचित्र-कथा हा माझा अंतिम प्रकल्प आहे. त्यासाठी डिसेंबरमध्ये मी कराडजवळच्या एका फडावर, बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळीसोबत पाच दिवस होते. जवळ वापरलेला जुना कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि मैत्रिणीकडून उसनी आणलेली ५० मिमी एफ १.८ एवढेच साहित्य होते. परतले तेव्हा कार्डावर सुमारे १,४०० चित्रे होती.

पहिले दोन दिवस मी बांधावर उभी राहून लांबूनच चित्रे काढली. आता ती पाहते तेव्हा त्यांत पाठी, कोयते आणि उडणारे पाचट यांपलीकडे काहीच सापडत नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईंच्या हातून वाढ्यांची (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांची) पेंढी सुटली म्हणून ती बांधू लागायला मी खाली बसले. उसाच्या पानांनी माझी बोटे चिरली आणि ते पाहून त्या मोठ्याने हसल्या. त्यानंतर त्यांच्या कोपीसमोर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोर, बसून चहा झाला आणि पुढची सगळी चित्रे निराळी आली.

अडचण त्यांच्याच मुलीच्या एका चित्राची आहे. वय अकरा-बारा असावे. दिवस नुकता उजाडतो आहे, मागे ट्रॅक्टरचा दिवा अजून जळतो आहे, मुलीच्या डोक्यावर उसाची मोळी आहे, केसांत पाचटाचे तूस अडकले आहे आणि ती थेट लेन्सकडे पाहते आहे. शटरचा वेग १/६० सेकंद असल्याने तिचा हात किंचित हललेला दिसतो, चेहरा मात्र स्वच्छ आहे. चित्र काढण्यापूर्वी मी आईला विचारले होते. त्या “काढा की” म्हणाल्या आणि थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “कुठं छापतेत ह्यो फोटू?” कॉलेजच्या अभ्यासासाठी आहे, असे मी सांगितले आणि त्या वेळी ते खरेही होते.

आता एका वृत्तसंकेतस्थळाला ही कथा हवी आहे. मानधन नाही, नाव देऊ, आणि हे चित्र सर्वांत वर लावू, असे त्यांचे म्हणणे आहे; उत्तर सोमवारपर्यंत कळवायचे आहे. आमच्या एका प्राध्यापकांच्या मते हे चित्र काढून टाकले तर कथेत काही उरत नाही, तर दुसऱ्या प्राध्यापिकांनी मला एवढेच विचारले की मुलीचे नाव काय. ते माझ्याकडे नाही. पाच दिवसांत मी फक्त तीन नावे लिहून घेतली, याची मला लाज वाटते. कॉलेजसाठी मिळालेला होकार छापण्यासाठी पुरतो का? आणि हे चित्र वगळले तर त्याच्या तोलाची कथा उरलेल्या चित्रांतून उभी कशी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निगेटिव्ह :
मी बावीस वर्षे दैनिकांत छायाचित्रकार म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे खडसावून लिहितो. राग मानू नये. होकार पुरत नाही. त्या बाईंनी होकार दिला तो चार भिंतींतल्या अभ्यासाला, आणि तुम्ही विचारत आहात ते गावातल्या प्रत्येक मोबाइलवर चित्र जाण्याबद्दल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी पुन्हा विचारावे लागते.

नावांबद्दल. चित्र काढले की कॅमेरा खाली करून खिशातल्या वहीत फ्रेमचा क्रमांक, नाव, वय, गाव आणि त्या वेळी माणूस नेमके काय करत होता हे लिहायचे, ही सवय पहिल्या वर्षीच लागायला हवी होती. नाव वहीत असणे वेगळे आणि नाव छापणे वेगळे. लहान मुलाचे नाव बहुधा छापू नये, पण ते तुम्हाला माहीत असलेच पाहिजे. १९८४ साली भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या बाळाचा चेहरा छायाचित्रकार रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला, सगळ्या जगाने तो पाहिला, आणि त्याखाली लिहायला नाव मिळाले नाही. त्या हाहाकारात नाव विचारणे सोपे नव्हते. तुमच्यासमोर आई चहा पीत बसली होती.

चित्रांच्या निवडीसाठी संगणकासमोर बसू नका. दीडशे चित्रांच्या पोस्टकार्ड आकाराच्या स्वस्त प्रिंट काढा, खोलीच्या जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्यांच्यावरून ये-जा करा. जे चित्र दुसऱ्या चित्राचेच म्हणणे पुन्हा सांगते ते उचलून बाजूला ठेवा, मग ते कितीही देखणे असो. त्या मुलीच्या आईचे तुम्हाला पाहून हसणारे चित्र तुम्ही काढले आहे का? तुमच्या संपूर्ण मजकुरात मला दिसलेले सर्वांत जिवंत दृश्य ते आहे आणि तुम्ही ते वाटेतली गोष्ट म्हणून सांगून टाकले आहे.

चेहरा धूसर करून चित्र चालवण्याचा मोह होईल, तो टाळा. चेहराच ज्याचे कारण आहे असे चित्र चेहऱ्याविना उभे राहत नाही. आणि दिवा नको म्हणून पुसला, धुके हवे म्हणून वाढवले, असले काही तर मुळीच करू नका. एपीसारख्या वृत्तसंस्था चित्रात भर घालणे किंवा त्यातले काही काढणे खपवून घेत नाहीत आणि वर्ल्ड प्रेस फोटोच्या स्पर्धेतही असे चित्र बाद होते.

फडकरी :
माझे आईवडील चौदा हंगाम एक कोयता म्हणून तोडीला गेले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून (मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही आणि खाडा (गैरहजेरी) पडला तर पैसे कापले जातात.

आता हे चित्र छापून आले असे समजा. बालकामगार दिसला म्हणून कुणी तक्रार केली, तर चौकशी आधी मुकादमाकडे येईल आणि त्याचा राग निघेल तो त्या बाईंवर, कारण चित्र कोणी काढू दिले हे फडावर सगळ्यांना माहीत आहे. शिवाय ती मुलगी एप्रिलमध्ये गावी परतेल, शाळेत बसेल, आणि वर्गातल्या पोरांकडे मोबाइल असतील. मोळी डोक्यावर घेतलेला स्वतःचा फोटो तिला तिथे पाहायचा आहे का, हे तिलाच विचारायला हवे; अकराव्या वर्षी मला विचारले असते तर मी नाही म्हटले असते.

आमचे जगणे दाखवूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. लोक साखर खातात आणि कोपी कशी असते हे त्यांना माहीत नसते. तुम्ही जरूर दाखवा, पण परत फडावर जाऊन, काय छापणार आणि कुठे हे मोबाइलवर उघडून दाखवून, मग विचारा. आणि जाल तेव्हा कामाच्या वेळेत कुणाला थांबवू नका. उभे राहा म्हणून मोळी उतरवायला लावली, तर ती पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते.

कलम सतरा :
मी वकील आहे. फक्त कायद्यापुरते लिहिते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र माध्यमांत देता येत नाही, आणि कामगार कायदे मोडून कामाला लावलेले बालक त्या व्याख्येत येते. घरच्यांना शाळेबाहेरच्या वेळात केलेली मदत आणि मजुरी यांच्यातली रेघ या प्रकरणात कुठे पडेल यावर वाद घालता येईल, पण तो वाद विद्यार्थिनीने स्वतःच्या नावावर ओढवून घेऊ नये. आईने होकार दिला म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

दुसरे, मालकीचे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे तुम्ही स्वतः होऊन, कोणाच्या नोकरीत नसताना आणि कोणाकडून मोबदला न घेता काढलेल्या छायाचित्रांच्या पहिल्या मालक तुम्हीच आहात. महाविद्यालयाशी काही लेखी ठरले असेल तर ते मात्र वाचून पाहा. हक्क देऊन टाकायचा असेल तर तोही लेखीच लागतो. त्यामुळे संकेतस्थळाला एकदाच, एकाच ठिकाणी वापरण्याची परवानगी ईमेलने द्या आणि मानधन मागा. “नाव देऊ” हा उपकार नव्हे. होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावावर छापली जात, त्या काळातून आपण पुढे आलो आहोत.

धागाकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारची वाट न पाहता मी संकेतस्थळाला आजच नकार कळवला. मुलीच्या चित्राविना आणि मानधनासह कथा हवी असल्यास फेब्रुवारीत पाहू, असे लिहिले. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

निगेटिव्ह, तुमचे वाचून मी पुन्हा कार्ड तपासले. त्या हसल्या तो क्षण माझ्याकडे नाही, कारण कॅमेरा तेव्हा मांडीवर होता. त्यानंतरची दोन चित्रे आहेत : त्या स्टीलच्या पेल्यात चहा ओतत आहेत, आणि माझी चिरलेली बोटे हातात धरून पाहत आहेत. दुसऱ्यात फोकस त्यांच्या बांगड्यांवर गेला आहे, तरी ते मी जमिनीवर ठेवलेल्या चित्रांमध्ये घेतले आहे.

येत्या शनिवारी वही घेऊन फडावर जाणार आहे. त्या घराला त्यांच्या चित्रांच्या प्रिंट द्याव्यात असे मनात आहे, मुलीचीही. फडकरी, हे योग्य होईल का, की एकाच कोपीला दिल्याने टोळीत वाईट दिसेल?

फडकरी :
वाईट दिसेल. ज्यांची ज्यांची चित्रे आली आहेत त्या सगळ्यांच्या काढा, लहान आकाराच्या चालतील. आणि लॅमिनेट करून न्या; कोपीत रात्री दव गळते, साधा कागद आठवडाभरही टिकणार नाही. टोळी दुसऱ्या फडावर हलली असेल तर कारखान्याच्या गेटवर न विचारता मुकादमाला आदल्या दिवशी फोन करा.